बारावीसोबतच व्यवसायाचे शिक्षण

दहावीनंतर मुलाने पुढे शिकावे की एखादा व्यवसाय शिकून मिळवते व्हावे, हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यातील अनेक शेतकरी कुटुंबांपुढे उभा राहतो. वस्तुतः दोहोंची सांगड घालता येते. अमेरिकेत शालेय विद्यार्थ्यांना शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजचे अभ्यासक्रम घेता येतात. आपल्याकडील त्याच्या जवळची सोय म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयांतील द्विलक्ष्यी अभ्यासक्रम होय. उच्च माध्यमिक स्तरावर व्यवसाय शिक्षण द्यावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने (१९६४-६६) केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही त्यावर भर दिला आहे.

या अभ्यासक्रमात विद्यार्थी द्वितीय भाषा व एक ऐच्छिक विषय यांऐवजी २०० गुणांचा व्यावसायिक विषय घेतो. त्यांतील निम्मे गुण प्रात्यक्षिकास असतात. पीकशास्त्र, पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय यांसारखे विषय कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या आणि देऊळगाव राजा परिसरात बीजोत्पादन करणाऱ्या या जिल्ह्यास विशेष उपयुक्त आहेत.

मात्र निवड डोळसपणे व्हावी. वैद्यकीय शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्याने जीवशास्त्र व अभियांत्रिकीकडे जाऊ इच्छिणाऱ्याने गणित सोडू नये. हे शिक्षकांनी दहावीच्या वर्गातच समजावून सांगावे. महाविद्यालयात कार्यशाळा सुसज्ज आहे काय, निदेशक आहेत काय, याची चौकशी प्रवेशापूर्वी करावी. प्रात्यक्षिक आटोपल्यावर गावी परतण्यास बस मिळते की नाही, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. शेवटची बस चुकते म्हणून एखाद्या मुलीचे शिक्षण थांबू नये.