धोटा, कामगार आणि कायदा
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

मागच्या वर्षी श्रावणात माझ्या वडिलांच्या डाव्या भुवईला सात टाके पडले. ते इचलकरंजीत यंत्रमाग चालवतात. शेजारच्या मागातला धोटा उडाला आणि तुटलेला धागा सांधत उभ्या असलेल्या वडिलांना लागला. बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता, असे डॉक्टर म्हणाले. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते : धोटा म्हणजे दोन्ही टोकांना लोखंडी टोक असलेला लाकडी तुकडा. त्याच्या पोटात आडव्या धाग्याची कांडी असते आणि तो मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे धावतो. तो उडू नये म्हणून मागाला गार्ड लावायचा असतो. त्या मागाला तो नव्हता.

मालकांनी दवाखान्याचे पैसे दिले. बुडालेल्या दिवसांची मजुरी मिळाली नाही, कारण मजुरी कापडाच्या मापावर असते. वडील घरी येऊन म्हणाले, "मालक भला माणूस हाय. टाक्यांचं पैसं त्यानंच दिलं." ह्या एका वाक्याने मला अभ्यासाला बसवले. मालकाने केले ते उपकार होते की कर्तव्य? आमच्या घरात ह्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्यामुळे विचारायचे कोणाला हा प्रश्न होता. अर्थशास्त्राच्या सरांनी ग्रंथालयाचा रस्ता दाखवला. तेथे जे वाचले ते माझ्या बांधवांपुढे मांडते.

उपकाराकडून नियमाकडे

आपल्या देशातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यामागे मजुरांविषयीची कणव होती तशीच मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा खुपणाऱ्या इंग्लंडमधील गिरणीमालकांची ओरडही होती. ह्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली; प्रौढ कामगारांच्या वेळेबद्दल मात्र एक शब्दही काढला नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र केले. रविवारची सुट्टी ही त्यांची मोठी मागणी. ती १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात आठवड्याच्या सुट्टीला जागा मिळाली. आज आपण रविवारी निवांत झोपतो, त्या झोपेमागे ही धडपड आहे. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने अधिनियम आला. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, यंत्रांना कुंपण, पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी, पाळणाघर अशा गोष्टी त्याने मालकावर बंधनकारक केल्या. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुदुर्घटना झाली. त्यानंतर १९८७ मध्ये ह्या कायद्यात दुरुस्ती होऊन, आपण कोणत्या धोक्यात काम करतो हे जाणण्याचा हक्क कामगाराला मिळाला.

धोट्याला तोंड कोणी लावायचे?

वाचता वाचता पुन्हा धोटाच समोर आला. जुन्या मागांवर कांडी संपली की नवी घालून धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे; श्वासाबरोबर कापसाची धूळ आत जाई. वडील सांगतात की घाई असली की आजही कित्येक जण तोंडच लावतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने ही पद्धत आरोग्याला घातक ठरवून १९११ मध्ये अशा धोट्यांवर बंदी घातली.

मुंबईत काय झाले? येथे, धोट्याला तोंड का लावावे, असा प्रश्न न पडता, धोट्याला तोंड कोणी लावायचे, असा प्रश्न पडला! अस्पृश्य कामगाराचे तोंड लागलेला धागा आम्हाला चालणार नाही, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे. त्यामुळे अधिक मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद राहिले आणि त्यांच्या वाट्याला कमी मजुरीचे सूतकताई खाते आले. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांना बजावले की विणकाम खात्यात प्रवेश हीही कामगारांची मागणी झाली पाहिजे. सर्व कामगार एक, अशी घोषणा देणाऱ्यांना ही गोष्ट बाहेरून सांगावी लागली, हे आपण विसरू नये.

मला ह्यातून एक गोष्ट उमगली. आरोग्याचा नियम आणि समतेचा नियम हे दोन वेगळे विषय नाहीत. ज्याला आपण बरोबरीचा माणूस मानत नाही, त्याच्या फुप्फुसाची आणि डोळ्याची काळजीही आपण करीत नाही.

आज कायदा काय सांगतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता अमलात आल्या. सुरक्षा व आरोग्यासाठी २०२० ची संहिता आहे. तिच्यातील मालकाची मुख्य कर्तव्ये अशी : इजा वा रोग होईल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवणे, ठरलेल्या वयाच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करणे, प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे, आणि सुरक्षेच्या सोयींचा खर्च कामगाराकडून न घेणे.

कामगाराचीही कर्तव्ये आहेत. स्वतःच्या व सोबत्यांच्या सुरक्षिततेची काळजी घेणे, सुरक्षेची साधने जाणूनबुजून न काढणे, धोका दिसला की कळवणे. हे लिहिताना मला ओशाळायला होते, कारण काम अडते म्हणून गार्ड काढून ठेवणारे कामगारही आहेत. माप कमी भरले तर मजुरी कमी, म्हणून ते तसे करतात. पण उडालेला धोटा शेजाऱ्याला लागतो.

मोठ्या आवाजाने येणारा बहिरेपणा आणि कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसाचा विकार, हे दोन्ही कायद्याच्या परिशिष्टात नोंद करण्याजोगे रोग म्हणून दिलेले आहेत. वडील घरात फार मोठ्याने बोलतात. लहानपणी मला वाटे, ते रागीट आहेत. आता कळते की त्यांना स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही.

दुसरी संहिता वेतनाची, २०१९ ची. एकाच मालकाकडे सारख्याच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून वेतनात भेद करता येत नाही, असे ती सांगते. हे तत्त्व १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतेच. मुंबईच्या एका कंपनीतील स्त्री लघुलेखिकेच्या खटल्यात १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की किरकोळ फरक दाखवून काम वेगळे ठरवता येणार नाही आणि पैसे नाहीत ही मालकाची सबब चालणार नाही. माझी आई कांड्या भरते. तिच्या शेजारच्या यंत्रावर एक मुलगा बसतो. यंत्र तेच, कांड्या तेवढ्याच, पण आठवड्याच्या हिशोबात त्याला तीनशे रुपये अधिक. आईने कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "तो गडी माणूस हाय."

सहा माणसांचा कारखाना

हे सारे मी एका संध्याकाळी वडिलांना वाचून दाखवले. पण त्यातील एक अट वाचताना माझा आवाज खाली गेला. सुरक्षेची संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होते, आणि 'कारखाना' म्हणवून घ्यायला विजेवर चालणाऱ्या ठिकाणी वीस कामगार लागतात. १९४८ च्या कायद्यात हा आकडा दहा होता. वडिलांच्या शेडमध्ये आठ माग आणि दोन पाळ्या मिळून सहा माणसे. आम्ही सगळे जिला कारखाना म्हणतो, ती जागा कायद्याच्या भाषेत कारखानाच नाही! वडील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमी सहाच हाव. मग आमचा डोळा डोळा न्हवं काय?"

ह्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते कायद्यातच आहे. एखादे काम जिवाला धोक्याचे म्हणून सरकारने अधिसूचित केले, तर दहाची अट उरत नाही. वेतनाच्या संहितेला कामगारांच्या संख्येची अट नाही. म्हणजे आईचा प्रश्न आजही विचारता येतो. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तर वाटच घालून दिली आहे. दहाहून कमी माणसे असतील तेथे अंतर्गत समिती नसते, म्हणून त्या स्त्रियांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवली आहे. अब्रूसाठी जी सोय होऊ शकते, ती डोळ्यासाठी, कानासाठी आणि फुप्फुसासाठी का होऊ नये? छोट्या मालकाजवळ पैसा कमी असतो हे खरे. तोही बहुधा व्यापाऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणारा असतो. परंतु एका गार्डची किंमत एका डोळ्याहून अधिक नाही.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत, ज्यांचे आईवडील अशाच शेडमध्ये राबतात. त्यांना माझी एक विनंती आहे. सुट्टीत घरी गेल्यावर आईवडिलांना दोन प्रश्न विचारा : तुमच्या यंत्राला गार्ड आहे का? शेजारच्या माणसाइतकीच मजुरी तुम्हाला मिळते का? उत्तरे लिहून आणा. प्राध्यापकांनी मार्ग दाखवला तर त्यातून एक छोटी पाहणी होईल आणि ती अधिकाऱ्यांपुढे ठेवता येईल.

दिवाळीनंतर वडिलांच्या मालकांनी आठपैकी चार मागांना गार्ड बसवले. वडील पुन्हा म्हणाले, "भला माणूस हाय." ह्या वेळी मी त्यांना म्हटले, "बाबा, आहेतच. पण उरलेल्या चार मागांसाठी आपल्याला त्यांच्या भलेपणाची वाट पाहावी लागू नये." ते काही बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यांनी विचारले, "त्या कायद्याचं नाव काय म्हणालीस? जरा कागदावर लिहून दे."