आधी गूगल, मग इन्स्टाग्राम

प्रश्न : शिवाजी पार्क परिसरात मी प्लंबिंगची कंत्राटं घेतो. इन्स्टाग्रामवर पैसे भरून जाहिरात करू का?

उत्तर : आधी फुकटातली कामं पूर्ण करा. पाइप फुटला की माणूस गूगलवर शोधतो, नाहीतर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारतो. म्हणून गूगल बिझनेस प्रोफाइल नीट भरा आणि काम संपताच ग्राहकाला अभिप्राय लिहायची विनंती करा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये कामं व दर द्या. पालिकेचा प्लंबर परवाना असल्यास ठळकपणे नमूद करा. कारण घरात कोणाला घ्यायचं, हे लोक विश्वासावर ठरवतात. हा विश्वास कामाच्या फोटोंमुळेही वाढतो. पार्काभोवतीच्या अनेक इमारती १९३०-४०च्या दशकांतल्या आहेत. तिथले गंजलेले जीआय पाइप बदलतानाचे फोटो, घरमालकाच्या परवानगीने, इन्स्टाग्रामवर टाका. जाहिरातीवर पैसे खर्च करायचेच तर मे महिन्यात, पावसाआधी आणि दादर-माहीमपुरतेच करा.