परदेशी नोकरीचा परवाना : शुल्क कोणी भरावयाचे?

परदेशातील नोकरीचा विषय निघाला की पगाराचा आकडा सर्वांच्या तोंडी असतो. परंतु परवान्याचे सरकारी शुल्क किती आणि ते कोणी भरावयाचे, याची चौकशी क्वचितच होते. अमेरिकेच्या एच-१बी परवान्याचे उदाहरण घेऊ.

या परवान्यासाठी प्रथम अर्ज करावयाचा असतो तो मालकाने, नोकराने नव्हे. १९९८ च्या कायद्याने अशा अर्जावर मालकाकडून ५०० डॉलर्सचे जादा शुल्क घेण्यास प्रारंभ झाला. २००० साली ते १,००० झाले. २००४ च्या कायद्याने २५ पर्यंत नोकर असलेल्या मालकास ७५० व त्याहून मोठ्या मालकास १,५०० डॉलर्स असा दर ठरला. बाहेरून कुशल माणूस आणणाऱ्याने देशातील लोकांच्या प्रशिक्षणास व शिष्यवृत्त्यांस हातभार लावावा, हा त्यामागील विचार. म्हणूनच हे शुल्क नोकराकडून वसूल करण्यास कायद्याने मनाई आहे. वकिलातीत व्हिसासाठी भरावयाचे शुल्क निराळे. ते उमेदवार भरू शकतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने, देशाबाहेरील उमेदवारांसाठी केलेल्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलर्सची रक्कम लादण्यात आली. पूर्वीचे शुल्क प्रशिक्षणाचा निधी उभारण्यासाठी होते. हे नवे शुल्क म्हणजे दाराला घातलेला अडसरच होय.

सारांश, शुल्काचा आकडा हे सरकारी धोरणाचेच एक रूप असते. तेव्हा विद्यार्थीमित्रांनो, मालकाने भरावयाची रक्कम एखादा दलाल तुमच्याकडे मागू लागला, तर घरची जमीन गहाण टाकण्यापूर्वी एवढेच विचारा : कायद्याने हे देणे कोणाचे?