शेजाऱ्यांची भांडी
अभ्यासपाठ. वाचन : २ राजे ४:१-७. जोडवाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१-७



हा उतारा आपल्या मंडळ्यांत तेलाच्या चमत्कारासाठी वाचला जातो. या पाठात तेलाकडे जरा उशिरा येऊ. आधी त्या बाईची अडचण पाहा. नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी, देवाचे भय धरणारा. तो गेला आणि मागे कर्ज राहिले. सावकार आता तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला येतो आहे. कर्ज का झाले, कोणाची चूक, याची चौकशी वचनात कुठेच नाही. अलीशाही ती करीत नाही. मी तुझ्यासाठी काय करू आणि तुझ्या घरात काय आहे, एवढेच तो विचारतो. दुसरा प्रश्न आपण मदत करणारे लोक बहुतेक वेळा विसरतो.

आता मेळघाटात या. धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातली एखादी कोरकू आई डोळ्यांपुढे आणा. बारावी झालेली, पदरात दोन लहान लेकरे, नवरा वारलेला किंवा सोडून गेलेला. तिला नर्स व्हायचे आहे. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे, आणि वयाची मर्यादा ३५. तिच्या घरातले तेलाचे भांडे कोणते? बारावीचा निकाल तर आहेच, पण त्याहून मोलाची तिची भाषा. कुपोषित बाळाच्या आईशी किंवा बाळंतिणीशी कोरकूत बोलणारी परिचारिका उपकेंद्रात असली, तर औषध कसे द्यायचे हे घरच्यांना नीट कळते. मराठीतून सांगितलेल्या सूचनेवर नुसती मान हलते. ही भाषा कोणत्याही कॉलेजात शिकवत नाहीत, ती हिच्याकडे आधीच आहे.

मग पैशाचे काय? अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर महाडीबीटीवर अर्ज करता येतो. प्रवेश घेण्याआधी ती जागा शिष्यवृत्तीस पात्र आहे का, हे मात्र विचारलेच पाहिजे. घाईत व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की शिष्यवृत्तीवर बहुधा पाणी सोडावे लागते. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी आदिवासी विकास विभागाची स्वयंम योजना आहे. विधवा आईला संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात. एकल पालकाच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, तीत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जावे लागते.

कागदावर हे पुरेसे दिसते. खरी अडचण तारखांची आहे. प्रवेशाच्या दिवशी पैसे रोख लागतात आणि शिष्यवृत्ती मागाहून येते. गणवेश, बूट, पुस्तके, मेसचा पहिला हप्ता, धारणीहून अमरावतीचे दीडशे किलोमीटरच्या आसपासचे एसटीभाडे, हे सगळे पहिल्या महिन्यातच. सावकार उंबऱ्यावर येतो तो याच महिन्यात. दुसरी अडचण कागदांची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, जातीचा दाखला वडिलांच्या बाजूचा. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अमरावतीच्या समितीकडे खेपा. नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला तरी दाखवता येतो. सोडून गेलेल्याचा कसला दाखला आणायचा? माझ्या मते परित्यक्तेची वाट विधवेपेक्षा अवघड आहे, आणि आपल्या मदतीच्या याद्यांत ती क्वचितच दिसते.

तिसरी अडचण लेकरांची. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला बहुधा वसतिगृहात राहावे लागते आणि तिथे मूल चालत नाही. पहिलीच्या पुढचे मूल आश्रमशाळेत राहू शकते. त्याहून लहान मूल आजीकडे, आणि आजी मजुरीला गेली नाही तर घरात चूल पेटायची पंचाईत. या बुडालेल्या मजुरीसाठी कोणत्याही योजनेत रकाना नाही.

असाच प्रसंग आपल्या पंडिता रमाबाईंवर आला होता. १८८२ साली पती गेले, तेव्हा मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. रमाबाईंना वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे होते. त्याच वर्षी निघालेल्या ‘स्त्रीधर्मनीती’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा केला, आणि १८८३ मध्ये लेकीला घेऊन निघाल्या. वाँटेजच्या भगिनींकडे त्या राहिल्या, त्यांना मराठी शिकवू लागल्या. घरात होते ते तेल त्यांनी ओतले. बहिरेपणामुळे वैद्यकी जमली नाही, पण त्या चेल्टनहॅमला शिकल्या, शिकवू लागल्या, आणि लेकीला सांभाळायला वाँटेजच्या भगिनी होत्या. पुढे मात्र मनोरमेला कसे वाढवावे, कोणते धर्मशिक्षण द्यावे, यावर त्या भगिनींशी रमाबाईंचा वाद झाला. त्यांच्या पत्रव्यवहारात तो स्पष्ट दिसतो. आसरा दिला म्हणून लेकरावरचा आईचा हक्क आपल्याकडे आला, असे रमाबाईंनी मानू दिले नाही. देणगीदारांनी हे ध्यानात ठेवावे.

आता तेलाकडे. अलीशा तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, आणि तीही थोडीथोडकी नव्हेत. शेजाऱ्यांनी तेल दिले नाही, भांडी दिली. भांडी संपली तेव्हा तेल थांबले. आपल्या मंडळीची भांडी कोणती? प्रवेशाच्या महिन्यापुरते बिनव्याजी उसने, शिष्यवृत्ती आली की परत आणि मग पुढच्या मुलीला. आजीला महिन्याचे धान्य. तहसील आणि समितीच्या खेपांना सोबत जाणारा एक सुशिक्षित माणूस, कारण अर्धी मदत रांगेत उभे राहण्याचीच असते. अमरावतीत इर्विन किंवा डफरीनजवळ, अकोल्यात लेडी हार्डिंगजवळ राहणाऱ्या कुटुंबाने रविवारी आई आणि लेकरांच्या भेटीसाठी एक खोली मोकळी ठेवली, तरी ते मोठे भांडे आहे.

आणखी एक गोष्ट. बाईने दार लावून घेतले आणि तेल आत ओतले. लेकरे भांडी पुढे करीत होती. चमत्कार गावाने पाहिला नाही. शिकत असलेल्या आईला दर तिमाहीला व्यासपीठावर उभे करून साक्ष द्यायला लावणे आणि तिच्या मुलांचे फोटो छापणे आपण थांबवावे, असे मला या वचनावरून वाटते. शेवटी अलीशा सांगतो की तेल विकून कर्ज फेड, आणि उरलेल्यावर तू व तुझे मुलगे जगा. कर्जफेडीवर तो थांबत नाही. एएनएमची दोन वर्षे संपल्यावर नोंदणी होऊन पहिला पगार येईपर्यंतचे महिनेही आपल्या हिशोबात धरले पाहिजेत.

महिला मंडळात चर्चेसाठी : प्रेषितांच्या कृत्यांत ज्या विधवांची उपेक्षा झाली, त्यांच्यासाठी मंडळीने सात माणसे नावानिशी नेमली. आपल्या मंडळीत हे काम कोणाकडे आहे? परित्यक्ता आईचा अर्ज आला तर आपण कोणता कागद मागतो, आणि तो तिला मिळण्यासारखा असतो का? जूनच्या आत उसनवारीच्या पेटीत किती रक्कम जमलेली असेल?