मुलं विचारतात, धर्मामुळेच दंगली होतात का?

टीव्हीवर दंगलीची बातमी चालू असते आणि पाचवी-सहावीतलं मूल मध्येच विचारतं, “धर्मच नसते तर ही भांडणं झाली असती का?” बहुतेक घरांत त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, की सगळे धर्म शांतीच शिकवतात. आईबाबांनो, हे उत्तर आता पुरत नाही. मूल समोर जळत्या गाड्या बघत असतं. आपण विषय टाळतोय हे त्याला कळतं, आणि पुढच्या वेळी ते आपल्याला विचारत नाही, दुसऱ्या कुणाला तरी विचारतं.

त्यापेक्षा खरं सांगू या. गांधीजींनी गीतेला आई मानलं आणि तिच्यातून अहिंसा घेतली. त्यांना गोळ्या घालणारा नथुराम गोडसेही गीता मानणाराच होता. त्या खुनानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं पेटवली गेली, तेव्हा पेटवणारे आणि घर गमावलेले एकाच धर्माचे होते. आणि पेशावरकडचे पठाण? सूड उगवल्याशिवाय न राहणारे म्हणून त्यांची ख्याती. त्यांच्यातल्याच खान अब्दुल गफार खानांनी 1929 मध्ये खुदाई खिदमतगार ही अहिंसक चळवळ उभी केली. 23 एप्रिल 1930 ला पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात इंग्रजी फौजेनं निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या, तरी ही चळवळ अहिंसेला धरून राहिली. सबुरी हे पैगंबरांचं शस्त्र आहे, असं गफार खान आपल्या माणसांना सांगत. श्रद्धा माणसाला बळ देते. ते कुठे वापरायचं, हे मात्र त्याच्या आजूबाजूची माणसं ठरवतात.

हे मी भिवंडीकडे बघून म्हणते. यंत्रमागांचं, हिंदू-मुसलमान कामगारांचं हे गाव. 1970 च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तिथे दंगल पेटली. 1984 च्या मे महिन्यात पुन्हा पेटली, आणि ती ठाण्या-मुंबईपर्यंत पसरली. भिवंडी म्हणजे दंगल, अशी ओळखच होऊन बसली. मग 6 डिसेंबर 1992 आला, अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत सुमारे 900 माणसं मारली गेली. भिवंडी मात्र शांत राहिली.

मधल्या वर्षांत भिवंडीतल्या लोकांनी काही धर्म सोडला नव्हता. नमाज होत होती, आरत्या होत होत्या, मिरवणुकाही निघत होत्या. बदल वेगळाच झाला होता. सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तिथे आले आणि त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, सुमारे 70. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसं जास्त होती. नळाचं पाणी, गटार, शेजाऱ्यांची भांडणं अशा रोजच्या गोष्टींसाठी दोन्हीकडची माणसं पोलिसांसोबत एकत्र बसू लागली. ओळखी झाल्या. अफवा उठली, तर खरंखोटं कुणाला विचारायचं हे माहीत झालं. दंगल अफवेवर पोसते, आणि अफवा पसरते ती समोरच्याच्या घरात आपण कधी पाऊल टाकलेलं नसतं म्हणून. हे काम एका पोलीस अधिकाऱ्याला करावं लागलं, याचं मला कौतुक वाटतं तितकंच वाईटही वाटतं. ते खरं तर आपलं होतं.

आपली मुलं हल्ली कुठे वाढतात बघा. सोसायटीत घर देताना आडनाव विचारलं जातं, खेळायला येणारी मुलंही त्याच आडनावांची. दुसऱ्या धर्माची माणसं मुलांना भेटतात ती मोबाइलवरच्या व्हिडिओत आणि जेवताना आपण करतो त्या शेरेबाजीत. “ते तसलेच असतात” हे वाक्य मुलानं कुठल्याही ग्रंथात वाचलेलं नसतं, आपल्याच तोंडून ऐकलेलं असतं. फॅमिली ग्रुपवर काकांनी काहीतरी विखारी पाठवलं आणि आपण वाद नको म्हणून गप्प बसलो, तर ते गप्प बसणंही मूल बघत असतं. निदान एवढं तरी लिहा, “काका, हे खरं आहे का? कुठून आलं?”

मुलांना देवापासून तोडा, असं मी म्हणत नाही. संध्याकाळी शुभंकरोति म्हणू दे, वारीला न्या, ज्यांच्या घरी रोजा असतो त्यांना तो ठेवू दे. पण सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडी गावात गणपती मशिदीत बसवतात, हेही त्यांना सांगा. जमलं तर गणेशोत्सवात तिथे घेऊन जा. आणि मुलाच्या वर्गात वेगळ्या धर्माचं जे मूल आहे, त्याच्या आईचा नंबर तुमच्याकडे नसेल, तर पुढच्या पालकसभेत स्वतः जाऊन घ्या. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे पाठवायचा असेल, तर डबा मुलाच्या हाती द्या आणि दारातूनच परत येऊ नकोस, थोडा वेळ बसून ये, असं सांगा. त्यांच्याकडून ईदचं बोलावणं आलं, तर तुम्हीही जा.