कंपवात : घरात पडणे कसे टाळाल?

वस्तीत फिरताना आम्ही एक तक्रार नेहमी ऐकतो : "ह्यांना लवकर चला म्हटलं की दारातच उभे राहतात. मुद्दाम करतात." ते मुद्दाम नसते. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी हळूहळू कमी होतात. त्यामुळे हात थरथरतात, अंग आखडते, पाऊल लहान पडते, तोल जातो. हा आजार संसर्गाने होत नाही आणि कुणाच्या करणीनेही होत नाही. यात सर्वांत मोठा धोका पडण्याचा. खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणाला खिळतो आणि सांभाळणाऱ्याची रोजीही बुडते. म्हणून पहिला नियम : घाई करायची नाही, करायला लावायचीही नाही.

पाय अडकला तर : दारात, बोळात, वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तेव्हा ओढू नका, ढकलू नका. थांबू द्या. मग "एक, दोन, एक, दोन" असे मोठ्याने मोजा. दाराजवळच्या फरशीवर पावला-पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा. रेघ ओलांडायची म्हटले की पाऊल उचलते. वळताना जागीच गर्रकन न वळता थोडा मोठा वळसा घ्यावा. चालताना हातात पाण्याचा तांब्या नको आणि गप्पाही नकोत.

खोलीत : दहा बाय बाराच्या खोलीतही येण्याजाण्याची एक वाट मोकळी ठेवता येते. तिथे गोधडी, पायपुसणे, वायर, चपला नकोत. झोपणे माळ्यावर नको, खालीच. बसल्यावर पाय जमिनीला टेकतील एवढी खाट उंच असावी. उठताना आधी कडेवर एक-दोन मिनिटे बसवा, मग उभे करा. एकदम उठल्याने रक्तदाब उतरून चक्कर येते.

मोरी आणि संडास : शेवाळ व साबणाचे पाणी घासून काढा. न हलणाऱ्या खुर्चीवर बसवून अंघोळ घाला. भिंतीत पक्का दांडा बसवून घ्या. टॉवेलचा दांडा माणसाचे वजन पेलत नाही. संडास बाहेर असेल तर रात्री अंधारात नेण्यापेक्षा खाटेजवळ भांडे किंवा कमोडची खुर्ची ठेवा. छोटा दिवा रात्रभर चालू असू द्या.

गोळी घड्याळाप्रमाणे : लेव्होडोपाची गोळी उशिरा दिली की अंग आखडते. अंघोळ, चालणे ही कामे गोळीचा असर असताना उरका. डाळ, दूध, अंडी, मटण यांच्यासोबत गोळी घेतली तर काहींना असर कमी जाणवतो; जेवणाआधी किती वेळ घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. गोळी मनाने अचानक बंद करू नका. उलटीवर औषध घेताना कंपवात आहे हे आधी सांगा, कारण मेटोक्लोप्रामाइडसारख्या गोळीने तो वाढतो.

जेवताना : ताठ बसवा, लहान घास द्या. वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पडलेच तर : लगेच ओढून उठवू नका. डोक्याला मार लागला, पाय हलवता येत नाही किंवा शुद्ध हरपली तर हलवू नका, १०८ वर फोन करा. मार नसेल तर जवळ खुर्ची ठेवा, तिच्या आधाराने त्यांना स्वतः उठू द्या. सारे वजन तुमच्या कंबरेवर घेऊ नका.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांत पार्किन्सनचाही समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

शेवटी सांभाळणाऱ्यांसाठी : दिवसातून एक तास मुलाला, सुनेला किंवा शेजाऱ्याला जवळ बसवा आणि तुम्ही पाठ टेका. तुम्ही खचलात तर दोघेही पडाल.