जुन्या चिठ्ठीवरची गोळी

वाईच्या एका वाचक भगिनी विचारतात, ‘चार वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा आईला उदासपणावर गोळी सुरू झाली. त्याच चिठ्ठीवर अजून आणतो. आता बंद केली तर चालेल का?’

आधी ती गोळी कोणती ते बघा. दुकानदार पट्टी कात्रीने कापून देतो आणि औषधाचं नाव भलत्याच्याच पिशवीत जातं, म्हणून अख्खी पट्टी मागून घ्या. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत सर्रास मिळतात. घोळ तिथेच आहे. पहिलं उदासपणावरचं. त्याचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही ते निदान ६ महिने घ्यावं लागतं. दुसऱ्याने पहिल्याच रात्री झोप लागते, पण २ ते ४ आठवड्यांपुढे शरीराला त्याची सवय लागू शकते. अशी जोडगोळी लिहिणं सोपं, सोडवणं कठीण. मी शक्यतो लिहीत नाही. शिवाय नवरा गेल्यावर बाई महिनाभर रडली, तर तो आजार नव्हे. तिला गोळीआधी माणसं लागतात.

उतारवयात क्लोनाझेपामने रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुबा मोडतो. विसराळूपणा वाढला की घरचे म्हणतात, वय झालं!

तरीही उद्यापासून एकदम बंद करू नका. झोप उडेल, हात थरथरतील, क्वचित फिटही येते. दोन्ही औषधं वेगळी करून, एकेकाचा डोस हळूहळू उतरवायचा, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

त्यांना सरळ विचारा: निदान काय, औषध कधीपर्यंत, त्रास कोणता होईल? रागावतील म्हणून गप्प बसू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची आणि दुष्परिणामांची माहिती समजेल अशा भाषेत मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. तुम्हीही बीपीच्या गोळ्यांपासून काढ्यापर्यंत सगळं सांगा. मनाच्या आजारावर लिथियम चालू असलेल्या माणसाने भांगलणीवरून आल्यावर कंबरेसाठी डायक्लोफेनॅक घेतली, तर रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

मांढरदेवीला नवस बोलला असाल तर खुशाल फेडा. गोळ्या मात्र बरोबर न्या.

डॉक्टरांकडे साताऱ्याला जाणं लगेच जमत नसेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. फोन करताना पट्टी हाताशी ठेवा.